पलीकडचा खोकला

११ फेब्रुवारी
बोटीतून बेटावर उतरलो. सुनेवा धक्क्यावर उभीच होती. आता कायमचा बहिणीकडे. माझी माडीवरची खोली शेजारच्या मिक्यालच्या भिंतीला लागून, मध्ये नुसत्या फळ्या. अंगणातल्या खोपट्यात मेंढीचं मांस वाऱ्यावर वाळतंय. त्याचा उग्र वास थेट उशीपर्यंत येतो. लहानपण आठवलं. सुनेवाचं एकच फुप्फुस धड आहे. तिला जपायचं, एवढंच आता माझं काम. रेडिओवर साथीचं ऐकल्यापासून मी दाराच्या कड्या साबणाने पुसतो. ती हसते. म्हणते, दादा, कडीला काय सर्दी झालीय?

१५ फेब्रुवारी
काल मिक्यालकडे सणाचा नाच. सुनेवा घरीच राहिली. वाऱ्यामुळे खिडक्या बंद. हातात हात धरून गोल फिरलो, एकमेकांच्या तोंडावर गायलो. मग नेहमीसारखा एकच पेला सगळ्यांत फिरला. मिक्यालचा घसा खवखवत होता. मी जरा थबकलो, तर म्हणाला, हानुस, कड्या पुसणाऱ्या, माझा पेलापण पुसतोस का? सगळे खिदळले. यजमानाचा पेला नाकारायचा कसा? प्यालो.

१८ फेब्रुवारी
मिक्याल तापाने फणफणलाय. हाडं ठणकतात म्हणे. कोरडा खोकला फळ्यांतून ऐकू येतो. नर्सबाई म्हणाल्या, ताप चढायच्या आधीच रोग दुसऱ्याकडे गेलेला असतो. श्वासातून, गाण्यातून, उष्ट्यातून. नाचात त्याच्या डाव्या हाताला होता तो आजारी पडला. त्याच्या पलीकडचाही. मी उजव्या हाताला होतो.
सुनेवाबरोबर एकाच ताटात जेवतो मी.

२० फेब्रुवारी
मिक्याल काल गेला. आज सकाळीच पुरलं.
फळ्यांपलीकडचा खोकला थांबलेला नाही. सुनेवाला सांगितलं, तर म्हणाली, दादा, ते घर रिकामं आहे रे.

२१ फेब्रुवारी
भिंतीपलीकडे पावलं आपटतात. नाचाचा ठेका. मध्येच खोकला, मग पुन्हा ठेका.
सुनेवाने वाळलेलं मांस कापलं. म्हणाली, यंदा वास फारच उग्र आहे नाही? मी नाक टेकवलं. काहीच नाही. पुन्हा टेकवलं. काहीच—
खोलीत येऊन कडी लावली. ताट दाराबाहेर ठेव म्हटलं. ती म्हणाली, जावई म्हणून आलास काय रे?

२२ फेब्रुवारी
ताप. घशात काटे. पाठ मोडल्यासारखी.
खोकला आता भिंतीत नाही. अंगणात आहे. ताट आज आलं नाही.

रात्री की पहाट, कळत नाही
जिन्यावर. पायरी— खोकला— पायरी—
दाराशी थांबलाय. मी हाक मारली, सुनेवा? नुसती धाप. कोरडा, तोच खोकला—
मिक्याल, तूच आहेस ना? पेला घेऊन आलास ना? दे, पितो मी. देवा, मेलेला मिक्यालच असू दे. तो नसेल तर दाराबाहेर—