लाल बिनचा दाखला

पिंपळे गुरव,
९ फेब्रुवारी २०२५

ती. मंजुळाआत्या हिस,
स्वरूपाचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू माझं काही न ऐकता नुसतं हो हो करतेस, त्यापेक्षा हे बरं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, ही प्रभूची कृपा. धनेशची या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, म्हणून संध्याकाळी घरात मी आणि कुकरची शिट्टी, एवढेच दोघे असतो.

बातमी ही, की पाळकसाहेबांनी आपल्या दापोडीच्या मंडळीची रविवारची पोरांची शब्बाथशाळा माझ्या गळ्यात घातली आहे. मी नको म्हणत होते. तर म्हणाले, जिची आत्या जन्मभर बायबलबाई म्हणून गावोगाव फिरली, तिनं नाही म्हणायची सोय नाही. घे! तुझ्या पुण्याईचं ओझं माझ्या डोक्यावर.

आधी तुझेच धडे काढले. मीठ, दिवा, चाळणी, हरवलेलं मेंढरू. आत्या, काय सांगू, एकही चालेना. मेंढराची गोष्ट सांगितली तर एका पोरानं विचारलं, की नव्याण्णव तशीच सोडून एकामागं गेला तर त्याला सुपरवायझर ओरडला नाही का! सगळ्यांचे बाप भोसरीला नाहीतर चाकणला कारखान्यात. शेत म्हणजे यांना दिवाळीत दोन दिवस जायचं गाव. तेव्हा म्हटलं, यांना यांच्याच घरातलं काहीतरी द्यावं.

मागच्या रविवारी जाळ्याचा दाखला होता. चांगले मासे भांड्यात, वाईट फेकून. मी मासे सोडले आणि कंपनीतल्या साहेबांना विचारून आमच्या क्वालिटी खात्यातल्या भंगारातल्या लोखंडी कड्या घेऊन गेले, आणि एक जुनं गेज. गेज म्हणजे मापाचा दांडा गं. कडीत नीट सरकला तर माल ओके, अडकला तर लाल बिनमध्ये, म्हणजे भंगारात. कडीला खाच पडलेली दिसली तरी लाल बिनमध्ये. दोन बादल्या मांडल्या, एक हिरवी, एक लाल. पोरांना ओळीनं उभं केलं आणि एकेकाला कडी तपासायला लावली. शेवटच्या दिवशी देवदूत असंच निवडतील, तिथं वशिला चालायचा नाही, असं सांगितलं. पंखा फिरल्याचा आवाज ऐकू येत होता, इतकी शांतता! तुझ्या चाळणीलाही कधी मिळाली नसेल.

सगळ्यांत हुशार करिष्मा. तिसरीत आहे. तिचे वडील रोहिदास चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसवर असतात, उपासनेला तबला तेच वाजवतात. बारीकशी खाच असेल तर चालेल का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, खाच ती खाच. सुटल्यावर जिन्यात सगळी पोरं ओके-रिजेक्ट खेळत होती. पाळकसाहेबांनी माझी पाठ थोपटली. आता तूही थोपट, उगाच कंजूषपणा करू नकोस.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो पत्रातूनही पाठवत जा.

तुझी,
स्वरूपा

नेवासे,
२० फेब्रुवारी २०२५

चि. स्वरूपा हिस,
मंजुळाआत्याचे अनेक आशीर्वाद. तू आणि जावईबापू खुशाल असाल. इकडे मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीनं आहेत.

पाठ थोपटली, घे. शेतातलं सोडून कारखान्यातलं उचललंस हे शहाणपणाचं केलंस. प्रभूनंही समोर जे होतं तेच उचललं होतं. तो चाकणला आला असता तर त्यानंही लोखंडाच्याच गोष्टी सांगितल्या असत्या, यात मला शंका नाही.

पण बाई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा माझं मन खट्टू झालं. जाळ्याचा दाखला मीही सांगत असे, पण पोरांना मी मासळीच्या जागी बसवायची. तू त्यांना निवडायला बसवलंस. निवडणं हे ज्याचं काम आहे त्याच्याकडेच राहू दे. जिन्यात पोरं ओके-रिजेक्ट खेळली हे तू कौतुकानं लिहिलंस, मला ते काही बरं वाटलं नाही. उद्या कुणाला तरी ती लाल बादलीत घालणार, आणि नाव मात्र देवाचं सांगणार.

आणि खाच ती खाच, हे कुठल्या शास्त्रात वाचलंस? उचलली जीभ लावली टाळ्याला! पोरीनं इतकं नेमकं विचारलं म्हणजे तिच्या मनात काहीतरी असणार. तिला जवळ घेऊन आधी तेच विचारायचं होतंस. पोरांच्या हातात वस्तू दिली, की ती घरी घेऊन जातात, आणि घरी त्यांना समजावायला आपण नसतो. पुढच्या रविवारी ते गेज कंपनीत परत दे आणि पोरांना सांग, की धडा अर्धाच झाला होता.

रागावू नकोस. म्हातारीचं बोलणं कडू लागतं, पण माया करणारं दुसरं माणूस तुला तिकडे कोण आहे? लोभ धरून राहा.

तुझी आत्या,
मंजुळाबाई

पिंपळे गुरव,
७ एप्रिल २०२५

ती. मंजुळाआत्या हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

पत्राला उशीर झाला. तुझं पत्र वाचून मी चिडले होते, हे आधी सांगून टाकते. म्हटलं, आत्याला कौतुक करायचं म्हणजे तोंडाला फेस येतो. उरलेला अर्धा धडा मी सांगितलाच नाही. आता काय झालं ते वाच.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात रोहिदासभाऊंचा हात प्रेसखाली आला. उजव्या हाताची अंगठा सोडून सगळी बोटं गेली. ते कॉन्ट्रॅक्टवर होते. कंपनीनं दवाखान्याचं केलं, बरे व्हा मग बघू म्हणाले, आणि बरे झाल्यावर ठेकेदारानं गेटवरूनच परत पाठवलं. अशा हाताला मशीनवर कसं घेणार, असं तो म्हणाला म्हणे. मी भेटायला गेले होते, मोसंबी घेऊन. त्या दिवशी हाताला मोठी पट्टी होती आणि करिष्मा बापाला चिकटून बसली होती. मला तेव्हाही काही सुचलं नाही बघ. मी पावसापाण्याचं बोलून परत आले.

काल प्रभुभोजन होतं. भाऊ बऱ्याच दिवसांनी आले, उजव्या हातात कंपनीचा कापडी हातमोजा घालून. बोटं सगळी भरलेली दिसत होती. मला वाटलं, कृत्रिम बोटं बसवली असतील. आपल्याकडे भाकर घ्यायला डाव्या हातावर उजवा ओंजळीसारखा धरतात. भाऊंनी तसाच धरला. पाळकसाहेबांनी हळूच सांगितलं, की मोजा काढा, भाकर उघड्या हातावर घ्यावी. त्यांना काय माहीत! भाऊ काढायला लागले आणि मागून करिष्मा किंचाळली, की पप्पा काढू नका, ते बघतील. सगळी मंडळी उभी होती, आत्या. मोज्यातून कापूस खाली पडला. उशीतला कापूस, तिनंच बोटांत भरला होता.

भाऊ भाकर न घेता खाली उतरले आणि पोरीला घेऊन बाहेर गेले.

मी मागोमाग धावले. करिष्माची आई जिन्यात रडत होती, तिनं सगळं सांगितलं. पट्टी सुटली त्या दिवशी पोरीनं बापाचा हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, की आता देव पप्पांना लाल बिनमध्ये टाकणार का. भाऊ हसले म्हणे, आणि मग हसणं थांबवून म्हणाले, की टीचरनं शिकवलंय ते बरोबरच आहे, कंपनीनंसुद्धा तसंच केलं. त्या दिवसापासून पोरगी त्यांना मोज्याशिवाय दाराबाहेर जाऊ देत नाही. देवदूत गेज घेऊन आले तर दिसू नये म्हणून. आणि बापही ऐकतो, कारण मोजा घातला की ती जेवते, नाहीतर ताटावर बसत नाही. तबला तर त्यांनी माळ्यावर टाकून दिला.

आत्या, हे मी केलं. मशीननं बोटं नेली, पण देव त्यांना घेणार नाही हे त्या लेकराच्या डोक्यात मी घातलं, आणि आता बापाच्याही डोक्यात बसलंय. मला जेवण जात नाही. धनेश म्हणतो, पोरं विसरतात. ही विसरणारी नाही. काय करू ते लिही. दुसरं नवीन उदाहरण शोधू का? तू सांगशील ते करीन.

चुकले तरी तुझीच आहे, माया तोडू नकोस.

स्वरूपा

नेवासे,
१३ एप्रिल २०२५
झावळ्यांचा रविवार

चि. स्वरूपा हिस,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचून आज उपासनेला गेले नाही, घरीच त्या माणसासाठी आणि लेकरासाठी गुडघे टेकले. परत उठवायला शेजारची अंबुबाई लागली, ते जाऊ दे.

तुला रडू नकोस म्हणणार नाही. रड. पण रडून झालं की आधी रोहिदासच्या घरी जा आणि पोरीच्या देखत त्याची माफी माग. चूक झाली, असं सरळ म्हण. कारणं सांगत बसू नकोस. वरातीमागून घोडं झालं, हे खरं, पण तरी जा.

आणि कृपा करून नवीन वस्तू शोधू नकोस. रिकाम्या हातानं जा. पुनरुत्थानानंतरच्या रविवारी थोमाचा पाठ येतो, तो सांग. प्रभू मेलेल्यांतून उठला, देवानं त्याला नवं शरीर दिलं, पण हाताची खिळ्यांची भोकं बुजवली नाहीत. पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमाला त्यानं तोच हात पुढे करून दाखवला, लपवला नाही. त्याच हातानं तो देवाच्या उजवीकडे बसला आहे. तुझं गेज लावायला गेलीस तर तो प्रभूसुद्धा तुझ्या लाल बादलीत जाईल, हे पोरांना स्पष्ट सांग. करिष्माला जवळ बसव. तिनं काही विचारलं, तर या खेपेला नीट ऐक.

बाप आणि लेक दोघं आली पाहिजेत. त्यासाठी मी इथं देवाच्या मागे लागले आहे. काय झालं ते कळव. तुझ्यावरचा लोभ माझ्या गुडघ्यांसारखा नाही, तो अजून धड आहे.

तुझी आत्या,
मंजुळाबाई

पिंपळे गुरव,
४ मे २०२५

ती. मंजुळाआत्या हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं.

माफी मागितली. भाऊंनी डाव्या हातानं चहा ओतून दिला. म्हणाले, टीचर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, लाइनीवर खाच दिसली की आम्हीही माल असाच लाल बिनमध्ये टाकत होतो. हात आता दुखत नाही, पण पोरगी उठल्याबरोबर आधी मोजा शोधते ते बघवत नाही, असंही म्हणाले. मी हात जोडून विनवलं, एका रविवारी या. करिष्मासाठी येतो, असं त्यांनी कबूल केलं.

सत्तावीस तारखेला आले. मागच्या खुर्चीवर बसले, मोजा घालून. मी काही नेलं नव्हतं, खडूसुद्धा नाही. थोमाची गोष्ट सांगितली. जशी तू लिहिलीस तशीच, आणि मी दिलेला धडा चुकीचा होता हेही सगळ्या पोरांसमोर बोलले. प्रभूनं भोकं पडलेला हात पुढे केला, इथं आले तेव्हा मागं भाऊंनी मान वर केली. मला वाटलं, झालं. देवा, झालं एकदाचं.

करिष्मानं हात वर केला. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले, तू म्हणाली होतीस तसं. ती अगदी शांतपणे म्हणाली, की टीचर, येशू देवाचा स्वतःचा मुलगा आहे, तो परमनंट. त्याच्या हाताला काही झालं तरी त्याला कोण काढणार? माझे पप्पा कॉन्ट्रॅक्टवर होते.

एकही पोर हसलं नाही. उलट दोघातिघांनी माना हलवल्या. त्यांच्या घरीही हेच शब्द आहेत ना.

मी काहीतरी बोलले. देवाला सगळे सारखे, असं काहीसं. मला स्वतःलाच ते पटल्यासारखं वाटेना, तिला काय वाटणार! ती माझ्याकडे दयेनं बघत होती, आत्या. आठ वर्षांची पोर. भाऊ उठले, तिचा हात धरला आणि मला सलाम करून गेले.

गुरुवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती म्हणून त्यांच्या खोलीवर गेले, तर कुलूप. घरमालकीण गिरजाबाई म्हणाल्या, की बुधवारी सामान टेम्पोत भरून जालन्याला गेले, करिष्माच्या मामाकडे. मामाचा फोन नंबर त्यांच्याकडे नाही, आणि भाऊंचा लागत नाही. करिष्मानं टीचरला काही सांगायला सांगितलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. मोजा घालायला पाहिजे म्हणून निघताना बापाला तिनं पाच मिनिटं दारात उभं केलं होतं, तेवढं त्यांनी सांगितलं.

पाळकसाहेबांना मी शब्बाथशाळा सोडते म्हणून सांगितलं. ते थांब म्हणतात. पोरं आज जिन्यात माझी वाट बघत होती, मी खालूनच परत आले.

तिच्या त्या प्रश्नाला उत्तर असणार, तुला ते माहीतही असेल. पण मला लिहून पाठवू नकोस. मी ते आता कुणाला सांगू? जूनमध्ये ती तिकडे चौथीत जाईल आणि देव आपल्या बापाला घेणार नाही, हे माझ्या तोंडून ऐकलेलं घेऊन मोठी होईल. तू प्रार्थना सोडू नकोस, माझ्याच्यानं सध्या होत नाही.

एवढं होऊनही लोभ राहू दे, आत्या.

तुझी,
स्वरूपा