मामाची सही चालणार नाही

बारामती,
सोमवार, २१ जुलै २०२५

चि. सौ. अनितास,
अ. उ. आ.

तुमच्या पिकअपमधून आज भेंडी उतरली, गवार उतरली, पत्र काही उतरलं नाही. म्हणून परतीच्या रिकाम्या क्रेटबरोबर मीच लिहितो. फोन करता आला असता, पण तुमच्या घरी फोन म्हणजे ग्रामसभा. मी तुझ्याशी बोलतो, उत्तरं तुझ्या सासूबाई देतात, आणि विशालराव स्पीकर बंद करायला विसरतात. शिवाय तू फोनवर नुसतं हं म्हणतेस. हं वर शिक्का मारता येत नाही.

बातमी अशी की तुझी कन्या शाळेच्या सतरा वर्षांखालच्या खो-खो संघात निवडली गेली. खेळाचे सर म्हणतात, प्रगती खुंटाला वळते ती भोवऱ्यासारखी. माझ्या तासाला धातू चालवायला उभं केलं की मात्र त्याच खुंटाला बांधल्यासारखी उभी राहते. संस्कृतच्या चाचणीत वीसपैकी अकरा. मामाच्या घरी राहून, मामाच्या विषयात! मी अर्धा गुणही वाढवला नाही, त्याबद्दल तिच्या मामीने माझा दुपारचा चहा बंद केला आहे.

आता कामाचं. शाळेत अक्षर बरं असणं हा अपराध आहे, म्हणून खेळाडूंची सगळी कागदपत्रं यंदा माझ्या गळ्यात आली. संस्कृतात तीन वचनं असतात आणि या अर्जाला तिन्ही लागतात: एक विद्यार्थी, दोन पालक आणि अनेक शिक्के. जन्मदाखला, आधार, रजिस्टरचा उतारा, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, पंच्याहत्तर टक्के हजेरी, चाचणीत पास. प्रगतीचं हे सगळं जमलं आहे. राहिलं फक्त पालकांचं संमतिपत्र. ते कोरं संमतिपत्र गवारीच्या क्रेटमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आहे. अर्ज आठ ऑगस्टला तालुक्याला जातात, त्यानंतर आलेल्याला पुढचं वर्ष.

खालची ओळही वाच. पालक म्हणजे आई किंवा वडील. मामा, काका, आजोबा यांची सही चालणार नाही. ती ओळ सरकारची नाही, माझी आहे. मुख्याध्यापकांना ती जरा जास्त वाटली, पण राहू दिली.

विशालरावांना नमस्कार. तुझा लोभ आहे हे मी जाणतो. या खेपेस तो शाईत दिसावा.

तुझा,
सोपानदादा


निरवांगी,
गुरुवार, २४ जुलै २०२५

ती. सोपानदादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. त्याला गवारीचा वास होता. वहिनींना सांग, चहा आणखी आठवडाभर बंद ठेवा.

प्रगतीचं ऐकून इथं दोन तट पडले. सासूबाईंचं म्हणणं, पोरीचा पाय मोडला तर सोयरीक कोण करंल, आन् तुमच्या भावाला काय, त्याला पोथीतलं कळतंय. त्यांना म्हटलं, पोथी नाही, पाठ्यपुस्तक. तर म्हणाल्या, त्येच त्ये. प्रगतीच्या वडलांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं, आणि तुमी बहीणभाऊ काय ते बगा म्हणून डाळिंबाला पाणी सोडायला निघून गेले. म्हणजे सही मलाच करायची आहे.

मी ती केलेली नाही. पाय मोडेल म्हणून नाही. तुझी ती खालची ओळ मी तीनदा वाचली. मुख्याध्यापकांना ती का लिहिलीस हे माहीत नसेल. मला माहीत आहे. १९९२ साली तुला अशी ओळ लिहून कुणी अडवलं नाही.

तुझ्या अर्जाला सात कागद लागतात ना? माझ्या सहीला एकच अट आहे. कळंबला घरी जा आणि ती सही कुणी केली होती हे आपल्या अप्पांना सांग. सांगितलंस की त्याच दिवशी सही करते.

वांगी पाठवली आहेत. भरायची आहेत, भरीत करू नका.

लोभ कमी झालेला नाही, वाट बघून जरा दमला आहे.

तुझी,
अनिता


बारामती,
सोमवार, २८ जुलै २०२५

चि. सौ. अनितास,
अ. उ. आ.

वांगी भरली. उत्तम होती.

तुझी अट वाचली. बहिणीने भावाला अट घालण्याची प्रथा जुनी आहे, पण ती साडीची किंवा गेला बाजार पेढ्यांची असते. तू एकदम तेहतीस वर्षांपूर्वीचा कागद मागतेस. अप्पा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. कानाने कमी झालेत, रागाने नाहीत. ज्या गोष्टीवर धूळ बसली आहे ती त्यांच्या तोंडापुढे झटकून काय साधणार? मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. तू पंधराची. तुला पुण्याच्या सामन्यांना जायचं होतं, अप्पा सही करत नव्हते, आणि मला त्यांच्यासारखी सही येत होती. एवढंच ते प्रकरण. पुढे तू पडशील हे कुणाला ठाऊक होतं?

आणि माझ्यावरच्या रागापायी पोरीचा खेळ अडवणं बरं नव्हे. ती पहाटे साडेपाचला उठून मैदानावर जाते. परवा जेवताना दोनदा विचारलं, आईचा कागद आला का. मी सांगितलं, क्रेटमध्ये शोधतो आहे. खोटं बोलायचं वय माझं राहिलं नाही, हे बोलताना लक्षात आलं.

विशालरावांची सही पाठवलीस तरी नियमात बसते, हे सुचवून ठेवतो.

आठ तारखेला अकरा दिवस आहेत. कळावे. लोभ असावा, आणि अट नसावी.

तुझा,
सोपानदादा


निरवांगी,
गुरुवार, ३१ जुलै २०२५

ती. सोपानदादास,
सा. न. वि. वि.

प्रगतीच्या वडलांना तुझी सूचना वाचून दाखवली. ते म्हणाले, पाव्हण्यांना सांग, मला तुझ्या हातचं जेवायचं हाय अजून.

एवढंच ते प्रकरण, असं तू लिहिलंस. राहिलेलं मी लिहिते. पुण्याला मी सूर मारला, डाव्या कोपरावर पडले, शाळेने अप्पांना बोलावून घेतलं आणि कागद पुढे केला. ही सही माझी न्हाय, असं अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले. कुणी केली विचारल्यावर मी म्हणाले, मी केली. तुझं नाव घेतलं असतं तर तुझं पुण्याचं कॉलेज त्याच दिवशी संपलं असतं. तू दाराशी उभा होतास. मला वाटलं, दोन दिवसांनी अप्पा शांत झाले की तू सांगशील. खो-खो तिथंच बंद झाला, दहावीनंतर शाळाही. त्याचं मला आता फार वाटत नाही. माझं घर आहे, डाळिंब आहे, माणसं बरी आहेत. कोपर थंडीत सरळ होत नाही, बाकी काही तक्रार नाही.

मग आत्ताच का, असं तुला वाटत असेल. मे महिन्यात प्रगती कळंबला राहून आली. अप्पांनी तिला बसवून सांगितलं, तुझ्या आयनं माझी खोटी सही केली व्हती, त्याचं फळ तिला मिळालं, तू तसलं कधी करू नगंस. घरी आल्यावर तिने मला विचारलं, आई, खरंच केली होतीस? मी भाकरी थापत होते. हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार, तिचा मामा तिचा गुरुजी आहे.

बाकी सगळ्यांनी मला खोटं समजावं, दादा. तिने समजू नये.

तेव्हा खेळ मी अडवलेला नाही. कळंबची एसटी बारामतीहून सुटते.

तुझी,
अनिता


बारामती,
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अनितास,
अ. उ. आ.

हे पत्र लांबेल. विशालरावांना पिकअप पाच मिनिटं थांबवायला सांगितलं आहे; ते टपरीवर वडापाव खात आहेत, म्हणजे दहा मिनिटं आहेत.

शुक्रवारी माझ्या टेबलावर प्रगतीचं संमतिपत्र आलं. तुझ्याकडे पाठवलेलं तुझ्या कपाटात, आणि दुसरं माझ्यापुढे, खाली तुझी सही. सही फार सुंदर होती. तू शेवटची रेघ अर्ध्यावर सोडून देतेस, इथं ती शेवटापर्यंत नेली होती. खोटी सही अशीच ओळखू येते, करणारा जीव ओतून करतो. या विषयातला माझा अधिकार तू मान्य करशील.

प्रगतीला बोलावलं. ती खाली न बघता म्हणाली, मीच केली, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. त्यामुळे मला रागावताही येईना. मुख्याध्यापकांना सांगितलं, तिचं नाव यादीतून काढून ठेवलं.

शनिवारी सकाळी सातला दाराची कडी वाजली. संघातली रेश्मा, सायकल हातात, दप्तर नाही. म्हणाली, सर, सही मी केलीय. हिचं अक्षर बघितलंय का तुमी, हिला जमंल का? मी विचारलं, मग काल का बोलली नाहीस? तर म्हणाली, काल भ्याले, आज न्हाय. आणि आत येऊन मामीने दिलेले पोहे खाऊन गेली. दोघींना शाळेने लेखी समज दिली. खरं सांगितलं म्हणून खेळायची वाट मोकळी ठेवली, तुझी खरी सही आल्यास.

अनी, ती पोर एका दिवसात दारात आली. मी तिची पोह्यांची बशी विसळून ठेवली. मग रविवारी पहिल्या एसटीने कळंबला गेलो.

अप्पा ओसरीवर मोटरीचा स्टार्टर खोलून बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसलो असतो तर आधी उसावर बोललो असतो. कमी ऐकू येतं म्हणून दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा शेजारच्यांनीही ऐकलं. ते स्क्रू पिळत राहिले. मग विचारलं, मग ती का म्हणाली मी केली? मी म्हटलं, माझं कॉलेज राहावं म्हणून. त्यांनी स्टार्टर बाजूला ठेवला. मला वाटलं, आता पान्हा येतो. तो आला नाही. हात पुसून म्हणाले, खेळायची कशी? मला कुणी सांगितलंच न्हाय.

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. सांगून त्यांना कळेना, म्हणून अंगणात दोन बादल्या खुंट म्हणून ठेवल्या आणि तू कशी वळायचीस, कशी हुलकावणी द्यायचीस ते करून दाखवलं. पन्नास वर्षांचा संस्कृतचा मास्तर बादल्यांभोवती पळतो आहे, हे दृश्य कळंबकरांनी मोफत पाहिलं. सूर मात्र तोंडी सांगितला. अप्पांनी विचारलं, पडली तवा समोरची बाद झाली व्हती का? झाली म्हटल्यावर मांडीवर हात मारून म्हणाले, मग पडली काय म्हंता, काम करूनच पडली की!

नंतर म्हणाले, तो कागद आण. मी म्हटलं, प्रगतीच्या कागदावर आजोबांची सही चालत नाही, तसा नियम आहे. नियम कुणाचा म्हणून विचारलं. माझा, म्हटलं. तर म्हणाले, तुझ्या नियमाचं तू बग, मला तिचा कागद दे, अनीचा.

माझ्या पिशवीत कोरे अर्ज होते. अप्पांनी सांगितलं तसा भरला, माझ्या बऱ्या अक्षरात. सही करायला त्यांना चष्मा, उशी आणि पाव तास लागला. शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं आहे. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत आहे.

रात्रीच्या जेवणाला प्रगतीलाही सगळं सांगितलं. तिने विचारलं, मामा, मग इतकी वर्षं तू का नाही सांगितलंस? मामीने वाढलेला भात मी पुढे ओढला.

विशालराव हॉर्न देत आहेत. सही कर किंवा करू नकोस, ते आता तुझं. लोभ कोणत्या तोंडाने मागू ते कळत नाही, तरी मागतो.

तुझा,
सोपान


निरवांगी,
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

ती. सोपानदादास,
सा. न. वि. वि.

प्रगतीचं संमतिपत्र सही करून सोबत दिलं आहे. शेवटची रेघ अर्ध्यावरच सोडली आहे, उगाच शंका नको. रेश्माला सांग, सुट्टीत निरवांगीला ये, तुझं अक्षर मला बघायचं आहे.

प्रगतीचा फोन आला होता. नुसतं हं, हं करत होती. मीही तसंच केलं. बराच वेळ बोललो आम्ही.

त्याआधी अप्पांचा आला. सहीचं काही काढलं नाही. ऊस कसा हाय, पाणी किती दिवसांनी येतंय, आणि मग एकदम, कोपर थंडीत दुखतंय का गं? स्पीकर चालू होता. सासूबाईंनीच उत्तर दिलं, दुखतंय की, पर ती सांगती व्हय कुणाला. आता त्याही सामना बघायला येणार म्हणतात. पाय मोडायचं काढत नाहीत. अप्पांना प्रगतीचे वडील कळंबहून घेऊन येतील. अप्पा आणि सासूबाईंसाठी सावलीत खुर्च्या ठेव, एकमेकांपासून लांब, नाहीतर पंचांचं कुणाला ऐकू येणार नाही.

तू पाठवलेला दुसरा अर्ज तपासला. कु. अनिता गेणबा खारतोडे, इयत्ता नववी, खेळ खो-खो, पालकाची सही. तुझ्याच नियमांनी बघितलं तर तो बाद आहे. जन्मदाखला नाही, फोटो नाही, डॉक्टरांचा दाखला नाही, आणि वय एकतीस वर्षांनी जास्त. तो परत मागू नकोस. कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आहे.

परवा राखीला ये. वहिनींना सांग, चहा चालू करा.

काल संध्याकाळी गोठ्यापासून डाळिंबाच्या बांधापर्यंत पळून बघितलं. सासूबाई ओरडून विचारत होत्या, म्हैस सुटली का. म्हटलं, न्हाय, म्हैस हाय जागंवर.

तुझी,
अनी