तीनदा नको

आई, काल बेटावरून व्हिडिओ कॉल आला होता. मी तिथे होतो तेव्हा चौथीत शिकणारी मुलगी आता कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरांची आई आहे. मोबाइलसमोर मासा-भाताचं ताट धरून ती म्हणाली, "पास्टर, देख के ही पेट भर लो." फोन ठेवल्यावर वाटलं, ही सगळी गोष्ट तुला सांगायची राहूनच गेली. तू जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा घाई अशी काही नाही. पण माझीही साठी जवळ आलीय. लिहून वहीतच ठेवतो.

तुझे नियम तसे दोनच होते. प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडायचे नाहीत, आणि कुणाच्या घरी पहिल्या हाकेला जेवायला बसायचं नाही. पहिला नियम मोडला की तुला बरोबर कळायचं, म्हणजे तुझेही डोळे उघडेच असणार. दुसऱ्याला मात्र माफी नव्हती. "तीनदा नगं म्हणायाचं. चौथ्या डावाला म्हणायाचं, बरं, घासभर वाडा." एकदा वाईला माझ्या मास्तरांच्या घरी त्यांच्या बायकोने विचारल्याबरोबर मी पाटावर बसलो आणि दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. घाटापासून घरापर्यंत तू मला बोलत आलीस. "हपापल्यागत बसलास. लोकं म्हंतील, ह्यांच्यात चूल पेटत न्हाई." मला तेव्हा राग आला होता. मिशनच्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तू रोज साठ रोग्यांचं जेवण रांधायचीस, आग्रह करकरून वाढायचीस, आणि स्वतः मात्र कुणाकडे घोटभर चहासुद्धा सुखाने घेत नव्हतीस. पाटणकडच्या तुझ्या माहेरी, खळ्यावर लांब उभ्या असलेल्या तुझ्या आईच्या पदरात मालक लोक वरून भाकरी टाकायचे, हे तू मला एकदाच सांगितलंस, भाजी निवडताना, मान वर न करता.

तो नियम घेऊन चोविसाव्या वर्षी मी अंदमानातल्या त्या चिमुकल्या बेटावर पाळक म्हणून उतरलो. उतरलो म्हणजे उतरवला गेलो. आठ तासांच्या बोटीत पोटात काही उरलं नव्हतं. कृष्णेत पोहणारा मी, त्या पाण्याकडे पाहून गार पडलो होतो. वस्ती जेमतेम तीस घरांची, लाकूडतोडीच्या कामाला रांचीकडून आलेल्या आदिवासींची. पत्र्याचं, वर क्रूस लावलेलं देऊळ आणि त्याला लागून माझी खोली. सकाळी चपलेतला खेकडा झटकायचा, विहिरीवर अंघोळ करायची, मुलांना गाणी आणि बेरीज शिकवायची, मग किनाऱ्याकिनाऱ्याने घरोघर भेटी द्यायच्या. नारळाच्या झाडाखाली उभं राहून बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी एका नारळाने शिकवलं. डोंगी वल्हवायला शिकताना मी एकाच जागी गोल गोल फिरायचो आणि अख्खी शाळा काठावर टाळ्या वाजवायची. आई, मी तिथे फार मजेत होतो. फक्त उपाशी होतो.

घरोघर चुली पेटलेल्या, माशाचा वास सुटलेला, आणि बाई विचारायची, "पास्टर, खाना खाएँगे?" मी तुझा मुलगा. "नहीं नहीं, अभी खाया." तुझ्या हिशेबाने आता दुसऱ्यांदा विचारायला हवं. ती म्हणायची, "अच्छा," आणि ताट आत. मी आपला बायबल मांडीवर धरून आत गेलेल्या ताटाकडे बघत बसायचो. नको म्हणजे नको, असा साधा कारभार होता त्या लोकांचा. खोलीवर येऊन मी कोऱ्या चहात बिस्किटं बुडवायचो. भात टाकायचो तोही कधी कच्चा, कधी करपलेला.

महिन्याभरात उपासनेची माणसं कमी होऊ लागली. चाळीसची वीस झाली, मग सात. मला वाटलं, उपदेश लांबतोय. अर्ध्यावर आणला, तरी पुढच्या रविवारी चारच जण. वाटेत भेटणारी माणसं सलाम घेऊन बाजूला होत. शेवटी मी मिशनच्या साहेबांना पत्र लिहायला घेतलं, की हे काम माझ्याच्याने होत नाही, मला परत बोलवा. मजकूर अर्धा झाला होता आणि दारात वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई येऊन उभी राहिली. सगळे तिला दादी म्हणायचे. तिने माझ्याकडे पाहिलं, मी कपात बुडवत असलेल्या बिस्किटाकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "हमारे हाथ का नहीं चलता क्या?"

माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. हा प्रश्न मी ओळखत होतो, आई. आपल्या घरात तो कुणी तोंडाने विचारला नाही, पण चार पिढ्या गिळला होता. आणि आता तो कुणीतरी मला विचारत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. तोडक्यामोडक्या हिंदीत तिला सगळं सांगितलं, तुझ्या आईच्या पदरासकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो तुम भूखे थे?" मी म्हटलं, रोज. त्यावर ती जी हसायला लागली ती दाराशी बसूनच राहिली. उठताना म्हणाली, "हम एक ही बार पूछेंगे. समझे?"

तिने हे वस्तीभर सांगितलं. त्या रविवारी देऊळ भरलं, आणि उपासनेनंतर मी सात घरी जेवलो. सातव्या घरी मला खरोखरच नको होतं, पण नको म्हणायची सोय उरली नव्हती. संध्याकाळी पोरांनी मला धरून खोलीवर आणलं. अर्धं पत्र मी चुलीत घातलं आणि पुढे सहा वर्षं तिथेच राहिलो.

पहिल्या सुट्टीला घरी आलो तेव्हा तू विचारलंस, "तिकडं कुणी जेवाय बलावत्यात का रं?" मी म्हटलं, बोलावतात. "मग तीनदा नगं म्हंतोस न्हवं?" मी म्हटलं, म्हणतो की. तू शेजारच्या मावशींना ऐकवलंस, पोरगं लांब गेलं पर वळण सोडलं न्हाई. मी खोटं बोललो, आई. खरं सांगितलं असतं तर तुझ्या नियमाने माणसं दुखावली असं झालं असतं, आणि तो नियम तू कशातून शिकलीस हे मला माहीत होतं. पण त्या खोट्यापायी दुसरी गोष्टही सांगायची राहिली, आणि ती तुला कळायलाच हवी होती. जगात एक वस्ती अशी होती, जी तुझा मुलगा आपल्या ताटात जेवत नाही म्हणून रुसून बसली होती.