हिरवी आणि तपकिरी

३ मार्च

फायरवॉलच दोषी! नेट बंद पडलं की लोकांना नेटच्या दारावरची ही पहारेकरीणच आठवते. ऑफिसचा मॅनेजर, म्हणजे माझ्या भाषेत घाईसाहेब, सकाळीच फोनवर: "मॅडम, तुमच्या फायरवॉलने माझी अर्धी माणसं अडवून ठेवलीत!" तिला माणसं अडवता आली असती तर पहिला नंबर याचाच लागला असता.

नव्या ऑफिसचं केबलिंग मी आणि दादाने केलंय. टेबलांकडची टोकं माझी, रॅककडची, म्हणजे सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या कपाटाकडची, दादाची. राउटर आणि फायरवॉलची सेटिंगही माझी. म्हणजे चूक माझीच असणार.

४ मार्च

सगळी सेटिंग तपासली. केबल जोडायचा स्विच बदलला. काही फरक नाही. घाईसाहेब मागे उभा राहून सारखा "झालं?" विचारत होता. शुक्रवारपर्यंत नेट सुरळीत नाही झालं तर वरच्या दोन मजल्यांचं काम दुसऱ्याला देणार म्हणे. त्या कामाच्या भरवशावर तर आम्ही बाकीची कामं सोडली!

५ मार्च

दादा नव्हता तेव्हा गुपचूप केबल तपासायचा टेस्टर लावला. गुपचूप, कारण त्याच्या टोकांना टेस्टर लावायचा नाही असा नियम त्याने गेल्या वर्षी काढलाय. "माझा हात बसलाय. टेस्टर लावणं म्हणजे अपमान."

बंद पडलेली प्रत्येक केबल रॅककडेच चुकलेली निघाली. आत आठ बारीक वायरी असतात, रंगांचा क्रम ठरलेला. हिरवीच्या जागी तपकिरी, तपकिरीच्या जागी हिरवी. सगळीकडे तेच! एखादी असती तर घाईत झालं म्हटलं असतं.

हा क्रम मला त्यानेच शिकवला. चुकलं की डोक्यात टपली.

६ मार्च

दादा सामान आणायला गेला तेवढ्यात टोकं कापून नवी बसवली. नेट सुरू. घाईसाहेब म्हणाला, "बघा, फायरवॉलच होती." मी म्हटलं, हो.

दादा परत आला. "काय होतं गं?"

"फायरवॉल."

"वाटलंच मला."

७ मार्च

वहिनीला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, "अगं, हे हल्ली एका पायात हिरवा मोजा, दुसऱ्यात तपकिरी घालून निघतात. मला वाटलं फॅशन असेल." आणि हसली. मला हसू आलं नाही.

वरच्या मजल्यांचं काम आम्हालाच मिळालं. सोमवारी सुरू. दादाला सांगावं तर त्याच्या हातातलं काम काढून घेतल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर किती दिवस त्याच्यामागून टोकं कापत फिरणार? भीती वाटते मला. कामापेक्षा त्याचा चेहरा पडेल याची.

९ मार्च

आजही नाही बोलले. घाबरट कुठली!

१० मार्च

बोलले एकदाची. "दादा, रॅककडची टोकं मी करते. तू टेबलांकडचं बघ."

"तिकडे काय वेगळे रंग असतात?" म्हणाला. हातातली केबल गुंडाळून ठेवली. मग: "कळलं का तुला?"

वर्ष झालं म्हणे रंग नीट कळेनासे होऊन. टेस्टरचा नियम त्यासाठीच. मला रडूच फुटलं. तो म्हणाला, "रडतेस काय? डोळे माझे गेलेत."

ठरलं. केबल ओढायचं, रॅक उभारायचं काम त्याचं, रंगांचं माझं. डॉक्टरची वेळ घेतली. खूप हलकं वाटलं.

११ मार्च

सकाळी निघताना दादाने व्हॅनची किल्ली माझ्या हातात दिली. "हेही तूच कर. सिग्नलला मी पुढची गाडी हलली की निघतो."

"आणि पुढे गाडी नसली तर?"

तो पलीकडच्या दाराने आत बसला आणि पट्टा लावला. वर्षभर मी शेजारच्या सीटवर खुशाल झोपा काढल्यात.