आर्तेमराव आणि आमची बिनविरोध निवडणूक

एडमंटन,
कॅनडा,
१४ नोव्हेंबर २०११

ती. उमाताईस,
अरविंदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं भडंग पोचलं. एक गंभीर तक्रार नोंदवतो: त्यात शेंगदाणे नाहीत. थोरल्या बहिणीने धाकट्याला नुसते कुरमुरे पाठवावेत, या पापाला धर्मशास्त्रात प्रायश्चित्तसुद्धा सांगितलेलं नाही.

आता आमचे नवे शेजारी, आर्तेमराव. सोव्हिएत संघ फुटल्यावर सुट्या झालेल्या एका चिमुकल्या देशाचे हे माजी पंतप्रधान. ऐन तरुणपणी सत्तेवर आले, लाचखाऊ ट्रॅफिक पोलीस एका फटक्यात घरी बसवले, तेव्हा लोकांनी खांद्यावर घेतलं. मग पावावरची सरकारी सूट काढली, तर त्याच लोकांनी घराच्या काचा फोडल्या. पुढच्या सरकारने देशद्रोहाचा खटला भरला. परत गेले की थेट तुरुंग. म्हणून इथे युनिव्हर्सिटीत शिकवतात आणि दारातला बर्फ माझ्याहून वाईट शोव्हल करतात.

माजी पंतप्रधान म्हटल्यावर इथल्या आपल्या मराठी मंडळाला राहवतंय थोडंच? दिवाळीच्या जेवणाला तेच प्रमुख पाहुणे. जेवणानंतर रिवाजाप्रमाणे विलासरावांना पुन्हा अध्यक्ष करायचं होतं. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवून उरलेल्या पुऱ्यांचे डबे भरायचे. पाहुण्यांनी निरागसपणे विचारलं, विरोधात कोण आहे? श्राद्धाच्या पंगतीत कुणी लग्नाची बोलणी काढावीत तसे सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला मोह आवरला नाही. आपल्या वसईच्या शर्लीचं नाव मी सुचवलं. पेपर नॅपकिनवर मतदान झालं आणि शर्ली चक्क निवडून आली.

विलासरावांनी तिला पुन्हा पानावर बसवून स्वतः श्रीखंड वाढलं, आणि घरी जाऊन रडले, असं खात्रीलायक वृत्त आहे. आर्तेमराव तिथेच रडले. गाडीत म्हणाले, पडलेला माणूस निवडून आलेल्याला वाढतो, हे आयुष्यात प्रथम पाहिलं. वसंतात त्यांच्या देशात निवडणूक आहे, परत जाऊन उभं राहावं असं त्यांना वाटतंय. जावंच, अशा अर्थाचं एक खणखणीत सुभाषित मी ऐकवलं.

तुझी माया आहेच, पुढच्या पार्सलात ती शेंगदाण्यांतून दिसावी.
तुझा,
अरविंद


मार्कहॅम,
२५ नोव्हेंबर २०११

चि. अरविंदास,
अनेक आशीर्वाद.

शेंगदाणे तुझ्या भाच्याने, नंदनने, पार्सल बांधताना वेचून खाल्ले. क्वालिटी कंट्रोल केलं म्हणे.

विलासरावांना फोन केला होता. तुझं नावही घेणार नाही म्हणाले, आणि लगेच विचारलं, अरविंदाने गाडीला बर्फातले विंटर टायर्स लावले का.

मंडळाचं जाऊ दे. पण त्या गृहस्थांना सुभाषितं कशाला ऐकवतोस? तुरुंगात त्यांना जायचंय, तुला नाही. त्यांच्या बायकोला काय वाटतं, ते तरी विचारलंस का?

घसा सांभाळ, जीभही.
तुझी,
उमाताई


एडमंटन,
६ फेब्रुवारी २०१२

ती. उमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. वेरावहिनी म्हणाल्या, या माणसाने देशाच्या पावाचा भाव ठरवला, पण घरचा पाव कधी आणला नाही, तेव्हा गेला तरी ग्रोसरीचं अडणार नाही. मग बेसमेंटमधून मोठी बॅग आणून त्यांनी स्वतः भरली. सूट एकच, बाकी लोकरीचे मोजे. निवडणुकीला इतके मोजे कशाला, असं मी गमतीने विचारलं. त्या म्हणाल्या, कोठड्यांना तिकडे हीटिंग नसतं.

आर्तेमरावांना विमानतळावर मीच पोचवलं. अध्यक्षीणबाईंनी भाषणाऐवजी लाडू दिले, एवढी सुधारणा मंडळात झाली आहे. विलासरावही आले. हात हातात घेऊन म्हणाले, पडलात तर सरळ इकडे या, माजी माणसांची आपण वेगळी शाखा काढू. आर्तेमराव इतके हसले की सिक्युरिटीवाला वळून पाहू लागला.

तुझी ऊब मार्कहॅमहून इथवर पोचते. थंडी सरेपर्यंत ती तशीच येऊ द्यावी.
तुझा,
अरविंद

ता. क. उतरल्याबरोबर फोन करतो म्हणाले होते. आठवडा होत आला, फोन नाही. रोज सकाळी मी त्यांच्या दारातला बर्फ काढतो आणि वहिनी खिडकीत दिसल्या की खाली बघतो. जा म्हणणाऱ्यांत मीही होतो. ताई, त्यांना पकडलं असेल, अशी मला फार भीती वाटते.