ह्यांचा उजवा हात

कोल्हापूर, जानेवारी १९७४, रविवार संध्याकाळ

नजर कमी झाली म्हणून डॉक्टरांनी ह्यांचं गाडी चालवणं बंद केलं. आता मी शिकतेय, हे शेजारी बसून शिकवतात. आज रंकाळ्याच्या रस्त्यावर गाडी माघारी वळवताना खिडकीतून हात दाखवायचा विसरलेच.

"अगं, हात दाव की!" हे ओरडले, आणि सवयीनं ह्यांचाच उजवा हात माझ्या नाकासमोरून खिडकीकडं गेला. मला पुढचं दिसेना. गाडी बंद पडली.

मागं उसाची बैलगाडी अडली. गाडीवान ओरडला, "ओ पावणं, चालवतंय कोण नक्की?"

मी खदखदून हसले. हे नाही. कशाला हसले मी?

दुसऱ्यांदा हात दाखवून झकास वळवली. शाबासकीसाठी शेजारी बघितलं, तर ह्यांनी तो उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. घर येईपर्यंत तसाच.