नाव ठेवायचं नाही

३ नोव्हेंबर, सकाळी ११
कामणजवळच्या शेल्टरमधून कृतिका कुत्रा आणून सोडून गेली. मागच्या पायाला प्लास्टर. वीस दिवस सांभाळायचा, मग कुणीतरी दत्तक नेणार. कृतिका तिथली रविवारची स्वयंसेविका, वयाने नातीएवढी. तिने मला बजावलं की काका, लळा लावून घेऊ नका, बरेच जण घेतात. हसलो. वालीवच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. माल येतो, माल जातो. एकाही नट-बोल्टसाठी रडलेलो नाही.
नियम : १) नाव ठेवायचं नाही. नावाने लळा लागतो. २) मुक्काम पडवीत, गोणपाटावर. ३) लाड बंद.
शांता म्हणाली, चाळीस वर्षांच्या संसारात नावं ठेवल्याशिवाय तुमचा एक दिवस गेलाय का? दुर्लक्ष केलं.

६ नोव्हेंबर
डावी चप्पल खाल्ली. 'नको' म्हटलं. सुपारीचं रोप उपटलं. 'नको' म्हटलं. केळीच्या आळ्यात खड्डा. 'नको.' आवाज चढवला नाही. शिस्त शांतपणे लावायची असते.

९ नोव्हेंबर, दुपारी
गोळी थुंकतो. सुकेळ्यात, म्हणजे वाळवलेल्या केळ्यात, दडवून दिली, गेली. सुकेळी शांताने जावयासाठी ठेवलेली होती. हे लाड नव्हेत, औषधोपचार. गोळी दिवसातून दोनदाच आहे. आणखी दोन सुकेळी सरावासाठी.

१३ नोव्हेंबर
पडवीत डास फार. प्लास्टरला डास वाईट, असं कुठंतरी वाचलंय. तात्पुरता आत घेतला. आरामखुर्ची त्याला. माझ्या पाठीला स्टूलच बरं.

१५ नोव्हेंबर, सायं. ५.४०
गंभीर बाब. शेजारच्या ग्रेसीबाई कुंपणावरून पपई देत होत्या. मी म्हटलं, नको. कुत्रा घरातून तीन पायांवर धावत आला आणि शेपूट हलवत पुढ्यात बसला. प्रयोग केला. 'ये' म्हटलं, ढिम्म. 'नको' म्हटलं, हजर. ग्रेसीबाईंनी विचारलं, नाव छान आहे, कुणी ठेवलं? कुणीही नाही. त्याने स्वतः घेतलंय. नियम क्र. १ शाबूत.

१८ नोव्हेंबर
वाडीतल्या बावखलात, म्हणजे आमच्या तळ्यात, उतरून पाय धूत होतो. हा काठावर आला. प्लास्टर भिजेल म्हणून जिवाच्या आकांताने ओरडलो, नको, नको! त्याने उडी मारली.
डॉक्टरांनी नवं प्लास्टर घातलं. मुक्काम आठ दिवसांनी वाढला. मी मुद्दाम हाक मारली, असं शांताचं म्हणणं. लोकांच्या तोंडाला कोण लागणार.

२७ नोव्हेंबर
कृतिकाचा फोन. दत्तक घेणाऱ्या मिळाल्या. विरारच्या रीमाताई, सातवा मजला, रविवारी येतील. म्हटलं, उत्तम. मग लिफ्ट, बाल्कनीची जाळी, शेजाऱ्यांचे स्वभाव आणि विरारला चांगली सुकेळी कुठं मिळतात, एवढंच विचारलं. पन्नास मिनिटं. चौकशीशिवाय माल सोडत नसतात.

३० नोव्हेंबर
प्लास्टर निघालं. चारही पायांवर चालतो. गोणपाट धुऊन ठेवलं. तसं ते स्वच्छच होतं, वापरलंय कुणी. मी पूर्ण तयार आहे. जेवण गेलं नाही, आमटी खारट होती. शांताला लागली नाही. उद्यापासून आरामखुर्ची माझी. काय करायचंय ती खुर्ची घेऊन?

१ डिसेंबर, सकाळी १०.३०
कृतिकाबरोबर आल्या. रीमाताई भल्या बाई आहेत. खोट सापडली नाही, शोधली. त्यांनी पट्टा लावला. तो गाडीपर्यंत गेला आणि मागे वळून बघत राहिला. कृतिकाने विचारलं, "काका, नेऊ द्यायचं ना मग?"
"नको."
मी कुत्र्याला हाक मारली होती. निरोपाची. पण तो रीमाताईंना पट्ट्यासकट ओढत परत आला आणि सगळ्यांनी भलताच अर्थ काढला. चारचौघांत शब्द फिरवणं मला जमत नाही.

सायं. ५
नोंद राहिली. कृतिकाने गाडीतून रीमाताईंसाठी दुसरं पिल्लू काढलं. आधीच आणलेलं. माझ्यासाठी फॉर्म. तोही भरलेला. दत्तक घेणारा : दिनानाथ. साक्षीदार म्हणून शांताची सही, तारीख ९ नोव्हेंबर. म्हणजे सुकेळ्यांचा दिवस. कुत्र्याच्या नावाची जागा तेवढी कोरी होती. ती मी भरली.
शांताने विचारलं, नियम क्रमांक एकचं काय झालं? सांगितलं तिला, नाव मी ठेवलेलं नाही. नुसतं लिहिलंय.
स्टूलवर बसून पाठ दुखते आहे.